तैवानच्या डोंगरांत जपानी राज्याविरुद्ध : वूशेचा उठाव आणि त्यामागची पस्तीस वर्षे

मराठी वाचकाच्या मनातली जुन्या जपानची प्रतिमा मुख्यतः दोन घटनांनी घडवली आहे. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमवले म्हणून आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्या विजयाचे कौतुक केले. आणि पुढे आझाद हिंद सेनेच्या काळात जपान हा ब्रिटिशांचा शत्रू, म्हणून आपला साहाय्यकर्ता, असे समीकरण रूढ झाले. मात्र १९०५ साली जपान स्वतः एका वसाहतीचा मालक होऊन दहा वर्षे झाली होती. ती वसाहत म्हणजे तैवान बेट. तिथल्या सपाट प्रदेशातल्या चिनी वंशाच्या लोकांचा सशस्त्र प्रतिकार जपानने तुलनेने लवकर मोडून काढला, परंतु बेटाच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या आदिवासींशी त्याचा संघर्ष १९३० च्या दशकापर्यंत चालू राहिला. या संघर्षातली सर्वांत प्रसिद्ध घटना म्हणजे ऑक्टोबर १९३० मधला वूशेचा उठाव. तो बहुतेक वेळा अचानक भडकलेला रक्तपात म्हणून सांगितला जातो, किंवा जपानविरोधी देशभक्तीची गाथा म्हणून. दोन्ही वर्णनांतून त्याची कारणे निसटतात, आणि ती समजून घ्यायची तर सुरुवात १८९५ पासून करावी लागते.

तैवानचे आदिवासी ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे आहेत. म्हणजे त्यांच्या भाषांचे नाते चिनीशी नसून फिलिपिन्स, इंडोनेशिया, थेट हवाईपर्यंतच्या भाषांशी आहे. चिनी शेतकरी सतराव्या शतकापासून मोठ्या संख्येने बेटाच्या पश्चिमेकडील मैदानात येऊ लागले, त्याच्या हजारो वर्षे आधीपासून हे समाज तिथे राहत होते. अतायाल, सीडिक, ट्रुकु, बुनुन, पाइवान, साइसियात, अमिस अशी त्यांची अनेक नावे आहेत. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे : ‘आदिवासी’ असा एकसंध राजकीय गट त्या काळी अस्तित्वात नव्हता. निर्णय गावपातळीवर किंवा चार-सहा गावांच्या समूहात होत असत, आणि एकाच भाषेच्या दोन समूहांत शिकारीच्या हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर असू शके. जपानी अधिकाऱ्यांना हे फार लवकर कळले आणि त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

चीनच्या छिंग राजवटीने एप्रिल १८९५ मध्ये शिमोनोसेकीच्या तहानुसार तैवान जपानला देऊन टाकले. गंमत अशी की जो डोंगराळ प्रदेश छिंगच्या ताब्यात कधी पूर्णपणे आलाच नव्हता, तोही या तहात कागदावर हस्तांतरित झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने जंगल आणि कापूर उत्पादन यांविषयी एक आदेश काढला. ज्या वनजमिनीची मालकी सिद्ध करणारे लेखी कागदपत्र नसेल, ती जमीन सरकारची मानली जाईल, असे त्यात म्हटले होते. डोंगरातल्या लोकांकडे लिपीच नव्हती, तेव्हा दस्तऐवज कुठून असणार? कोणत्या ओढ्यापासून कोणत्या कड्यापर्यंत कोणत्या कुळाने शिकार करायची हे प्रत्येक गावाला तोंडपाठ होते, पण कायद्याच्या दृष्टीने ती सारी जमीन एका दिवसात बेवारस ठरली. पुढे १९०२ मध्ये मोचिजी रोकुसाबुरो या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात याहून रोखठोक भूमिका मांडली. साम्राज्याच्या दृष्टीने प्रश्न आहे तो डोंगरातल्या जमिनीचा, तिथल्या माणसांचा नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. वसाहतवादी कागदपत्रांत इतका प्रामाणिकपणा क्वचित आढळतो.

या जमिनीची एवढी घाई का होती, याचे उत्तर कापरात आहे. आपल्याला कापूर आरतीच्या ताटात दिसतो आणि आजचा कापूर बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापूर म्हणजे कापराच्या झाडाचे लाकूड तासून, त्या चिपांना वाफ देऊन काढलेला पदार्थ होता आणि जगभरच्या उद्योगांना तो हवा होता. कंगवे, खेळणी आणि चित्रपटाची फीत ज्यापासून बनत त्या सेल्युलॉइडमध्ये कापूर लागे. औषधांत आणि धूर न करणाऱ्या दारूगोळ्याच्या काही प्रकारांतही त्याचा वापर होता. कापराची झाडे सर्वांत दाट होती ती तैवानच्या मधल्या आणि उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर, म्हणजे नेमकी अतायाल, साइसियात आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या प्रदेशात. १८९९ मध्ये सरकारने कापराची मक्तेदारी स्वतःकडे घेतली, आणि वसाहतीचा खर्च भागवणारे ते एक प्रमुख साधन ठरले. म्हणून कापूर काढणाऱ्यांच्या भट्ट्या जंगलात जसजशा आत सरकू लागल्या, तसतसे हल्लेही वाढले. १९०२ मध्ये नानझुआंग येथे साइसियात मुखिया री आग्वाइ याने केलेल्या उठावाच्या मुळाशी कापराच्या जमिनीचा मोबदलाच होता.

भट्ट्यांच्या रक्षणासाठी सरकारने पहाऱ्याची रेषा वापरली. छिंग काळात डोंगराच्या पायथ्याशी काही ठिकाणी सशस्त्र पहारेकरी ठेवले जात. जपान्यांनी ती तुटक व्यवस्था वाढवून काही शे किलोमीटर लांबीची सलग रेषा बनवली. जंगलाचा पट्टा साफ करून वाट काढलेली, ठरावीक अंतरावर चौक्या, मोक्याच्या जागी तोफा, काही भागांत सुरुंग आणि वीजप्रवाह सोडलेल्या तारा असे तिचे स्वरूप होते. मुख्य म्हणजे ही रेषा एका जागी थांबत नसे. वर्षागणिक ती पुढे ढकलली जाई आणि तिच्या आत आलेली जमीन कापरासाठी खुली होई, तर बाहेर राहिलेल्या गावांचा मीठ, लोखंड आणि काडतुसांचा पुरवठा तोडला जाई. डोंगरात मीठ तयार होत नाही. गोळी न झाडता एखाद्या गावाला गुडघे टेकायला लावायचे असेल तर मीठ बंद करणे पुरेसे होते.

वूशेच्या लोकांनी हा अनुभव फार लवकर घेतला. वूशे हे मध्य तैवानमधले, आजच्या नानतोउ जिल्ह्यातले ठिकाण; जपानी त्याला मुशा म्हणत. १८९७ मध्ये या भागातून रस्त्याची पाहणी करायला गेलेली कॅप्टन फुकाहोरी याची चौदा जणांची तुकडी परत आली नाही, तेव्हा सरकारने इथला व्यापार बंद केला. काही वर्षे मिठावाचून काढल्यानंतर १९०३ मध्ये शेजारच्या बुनुन समूहाने वूशेच्या सीडिक पुरुषांना देवघेवीसाठी बोलावले. जेवण आणि दारू झाल्यावर त्या बेसावध पाहुण्यांवर हल्ला झाला आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली. या बोलावण्यामागे जपानी अधिकाऱ्यांची योजना होती. एका फटक्यात तरणीताठी माणसे गमावल्यावर ही गावे फार काळ तग धरू शकली नाहीत, आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी जपानी सत्ता मान्य केली.

त्याच वर्षी साकुमा सामाता हा सेनापती तैवानचा गव्हर्नर-जनरल झाला. १८७४ मध्ये जपानने दक्षिण तैवानच्या पाइवान लोकांवर स्वारी केली होती, त्यात तो तरुण अधिकारी म्हणून लढला होता, त्यामुळे डोंगरांचा प्रश्न त्याच्या दृष्टीने जुनाच होता. त्याने १९१० पासून पाच वर्षांची एक योजना राबवली, तिच्यासाठी दीड कोटी येनहून अधिक रक्कम मंजूर करून घेतली, आणि उत्तरेकडच्या एकेका समूहाला शस्त्रे खाली ठेवायला भाग पाडले. शेवटची मोठी मोहीम १९१४ च्या उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्याजवळच्या ट्रुकु लोकांविरुद्ध झाली. सैनिक, पोलीस आणि हमाल मिळून सुमारे २० हजार माणसे दोन बाजूंनी डोंगरात शिरली. समोर लढू शकणारे ट्रुकु पुरुष फार तर तीन हजार होते. सत्तरीतला साकुमा स्वतः मोहिमेवर गेला आणि तिथे कड्यावरून पडून जखमी झाला. पुढच्या वर्षी तो वारला. ट्रुकुंच्या आठवणीत मात्र तो आपल्या लोकांच्या हातूनच मेला, अशी कथा टिकून आहे.

या योजनेतली सर्वांत खोलवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे बंदुका काढून घेणे. डोंगरातल्या माणसाला बंदूक लढाईपेक्षा शिकारीसाठी लागे. मांस, कातडी, लग्नातली देणी, माणसाची गावातली प्रतिष्ठा, सारे शिकारीशी बांधलेले होते. जप्तीनंतर बंदुका पोलीस चौकीत राहत आणि शिकारीसाठी ठरावीक काळापुरत्या उसन्या मिळत. दक्षिणेकडच्या बुनुनांनी हे सरळ नाकारले. मे १९१५ मध्ये दाहू अली आणि त्याच्या भावाच्या नेतृत्वाखाली त्यांनी दाफेनची पोलीस चौकी जाळून बारा पोलिसांना ठार केले आणि मग ते आणखी आत, उभ्या कड्यांनी वेढलेल्या तामाहो या ठिकाणी निघून गेले. सरकारने त्यांना वेढण्यासाठी डोंगरमाथा ओलांडणारा रस्ता बांधला, त्यावर चौक्यांची रांग उभी केली, आणि तरीही दाहू अली १९३३ पर्यंत शरण आला नाही. वूशेचा उठाव जितका गाजला तितके हे नाव गाजले नाही. मला स्वतःला अठरा वर्षांची ही अलिप्तता उठावाइतकीच बोलकी वाटते, कारण प्रतिकार म्हणजे केवळ हल्ला नव्हे, दूर निघून जाणे हाही त्याचाच एक प्रकार आहे, आणि डोंगरातल्या समाजांनी तो अधिक वेळा वापरला.

सत्ता मान्य केलेल्या गावांत राज्य होते ते पोलिसांचे. मैदानात निदान नावाला दिवाणी प्रशासन आणि न्यायालये होती. डोंगरात पोलीस हाच शिक्षक, वैद्य, व्यापारी, न्यायाधीश आणि मुकादम होता. चेहऱ्यावर गोंदवणे बंद करण्यात आले. सीडिकांमध्ये गोंदण ही शोभेची गोष्ट नव्हती. पूर्वजांनी घालून दिलेल्या नियमांना ते ‘गाया’ म्हणतात. या नियमांप्रमाणे शूर शिकारी ठरलेला पुरुष आणि विणकामात तरबेज झालेली स्त्री यांनाच गोंदणाचा मान मिळे, आणि मृत्यूनंतर इंद्रधनुष्याचा पूल ओलांडून पूर्वजांकडे जाताना ती खूण दाखवावी लागते अशी श्रद्धा होती. पुरुषाच्या बाबतीत हा मान शत्रूचे शिर आणण्याशीही जोडलेला होता, आणि कोणत्याही आधुनिक सरकारने ती चाल बंद केली असती हे मान्य करायला हवे. पण तिच्याबरोबर माणूस म्हणून पूर्ण होण्याची सारी वाटच बंद झाली, आणि तिच्या जागी मिळाली ती हमाली.

१९२० च्या दशकात वूशे हे जपानी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने आदर्श ठिकाण होते. शाळा, टपाल कचेरी, दवाखाना, दुकाने, खानावळ, रस्त्याकडेला लावलेली चेरीची झाडे असे सगळे तिथे होते. दाकिस नोबिन आणि दाकिस नावी या दोन हुशार सीडिक तरुणांना हानाओका इचिरो आणि हानाओका जिरो अशी जपानी नावे देऊन शिकवले गेले. इचिरो तर शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करूनही पोलीस दलातल्या खालच्या जागेवरच नेमला गेला. स्थानिक प्रमुखांशी नाते जोडावे म्हणून पोलिसांची लग्ने मुखियांच्या घरात लावण्याचीही पद्धत होती. माहेबो गावचा मुखिया मोना रुदाओ याची बहीण अशाच एका पोलिसाला दिली होती. तो बदली होऊन गेला, नाहीसा झाला, आणि तिला ना आधार मिळाला ना भरपाई. मुखियाच्या बहिणीची ही अवस्था साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होती. मोना रुदाओला १९११ मध्ये जपानची सहल घडवण्यात आली होती. कारखाने आणि शस्त्रागारे पाहून मुखियांनी धडा घ्यावा, असा या सहलींचा हेतू असे. मोनाने जपानचे बळ नीट पाहिले होते, म्हणून पुढे त्याने जे केले ते अज्ञानातून केले असे म्हणता येत नाही. १९२० च्या दशकातही त्याच्या उठावाच्या हालचाली पोलिसांच्या कानावर गेल्या होत्या.

१९३० मध्ये वूशेच्या शाळेचे वसतिगृह बांधायला घेतले होते. त्यासाठीचे लाकूड माहेबोजवळच्या डोंगरातून आणायचे काम गावकऱ्यांवर लादले होते. जड ओंडके दोरीने ओढत नेण्याची तिथली रीत होती. पण लाकडाला ओरखडे पडतात म्हणून ते खांद्यावरून वाहून न्यावेत असा हुकूम झाला. मजुरी अपुरी होती आणि वेळेवर मिळत नव्हती, आणि हे सारे पीककापणीच्या व शिकारीच्या दिवसांत. अशा वातावरणात ७ ऑक्टोबर रोजी माहेबोत एक लग्न होते. तिथून जाणाऱ्या योशिमुरा नावाच्या पोलिसाला मोनाचा थोरला मुलगा तादो मोना याने आग्रहाने दारू देऊ केली. जनावर कापल्यामुळे तादोचे हात रक्ताने माखले होते, आणि त्या किळसेने योशिमुराने त्याच्या हातावर छडी मारली. लग्नाच्या मांडवात यजमानाचा असा अपमान झाल्यावर मारामारी व्हायचीच. पोलिसाला चोप मिळाला. दुसऱ्या दिवशी मोना माफीची दारू घेऊन गेला, ती नाकारण्यात आली. आता शिक्षा होणार आणि ती साऱ्या गावाला भोगावी लागणार, हे उघड झाले.

२७ ऑक्टोबर १९३० रोजी वूशेच्या शाळेत वार्षिक क्रीडामहोत्सव होता आणि आसपासच्या चौक्यांतले जपानी कुटुंबांसह तिथे जमले होते. पहाटेपासून सीडिकांच्या टोळ्यांनी एकेक चौकी गाठून पोलिसांना मारले, टेलिफोनच्या तारा तोडल्या आणि शस्त्रे घेतली. सकाळी ध्वजवंदनाच्या वेळी सुमारे तीनशे पुरुष शाळेच्या मैदानावर तुटून पडले. त्या दिवशी १३४ जपानी मारले गेले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती, आणि उठावाचे समर्थन करणाऱ्या अनेक लेखांत हा तपशील एका ओळीत उरकला जातो, जे योग्य नाही. चिनी वंशाच्या लोकांना मात्र हल्लेखोरांनी जाणूनबुजून सोडले. त्यांच्यातले दोघे मरण पावले, त्यांपैकी एकाला जपानी पोशाखामुळे ओळखण्यात चूक झाली असे सांगितले जाते.

वूशे परिसरातल्या बारा गावांपैकी सहाच गावे उठावात होती. त्यांची एकूण लोकसंख्या बाराशेच्या आसपास होती. उरलेली सहा गावे बाहेर राहिली, आणि शेजारचे तोदा व ट्रुकु हे सीडिक भाषकच समूह पुढे सरकारच्या बाजूने लढले, काही जुन्या वैरामुळे आणि काही दडपणामुळे. जपानने सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे दोन हजारांचे बळ, डोंगरी तोफा आणि विमाने आणली. बंडखोर माहेबोच्या मागच्या खोल दरीत, गुहांत गेले. वरून बॉम्ब टाकले गेले, गॅसही वापरला गेला; तो केवळ अश्रुधूर होता की अधिक विषारी काही, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. शिर कापण्याची चाल रानटी म्हणून तीस वर्षे दडपणाऱ्या सरकारने या मोहिमेत बंडखोरांच्या शिरांवर बक्षिसे लावली, ही विसंगती तेव्हाच्या काही जपानी टीकाकारांनाही खुपली.

जवळजवळ दोन महिन्यांत सुमारे ६४० उठावकरी व त्यांचे नातेवाईक मेले, आणि त्यांपैकी २९० च्या आसपास लोकांनी गळफास घेतला होता. पुरुषांना मागे वळून पाहावे लागू नये आणि उरलेले धान्य त्यांना पुरावे म्हणून स्त्रियांनी आधी झाडांना फास लावून घेतले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. मोना रुदाओने डोंगरात एकट्याने जाऊन स्वतःला संपवले. त्याची मुलगी माहुंग मोना पोलिसांच्या हाती लागली होती. भावाला शरण येण्यास सांगावे म्हणून तिला दारू घेऊन पाठवण्यात आले. तादो मोना तिच्यासोबत शेवटची दारू प्यायला, परंतु खाली आला नाही. दोन्ही हानाओकांनीही आपल्या आप्तांसह जीव दिला. त्यांच्या घराच्या भिंतीवर, अति वेठीमुळे लोकांचा संताप झाला आणि आम्हालाही हे जग सोडावे लागत आहे, अशा आशयाचा मजकूर सापडला. इचिरोने जपानी पद्धतीने पोट चिरून आणि जिरोने सीडिक पद्धतीने गळफास घेऊन प्राण दिले.

जपानमध्ये या प्रकरणावरून संसदेत गदारोळ झाला आणि जानेवारी १९३१ मध्ये गव्हर्नर-जनरल इशिझुका एइझो याला पद सोडावे लागले. शरण आलेले साडेपाचशेच्या वर लोक छावण्यांत ठेवले होते. २५ एप्रिल १९३१ च्या पहाटे तोदा पुरुषांनी त्या छावण्यांवर हल्ला करून दोनशेहून अधिक जणांना ठार केले. मोहिमेसाठी तोदांना दिलेल्या बंदुका तोवर परत घेतलेल्या नव्हत्या, आणि हल्ल्याला पोलिसांची मूक संमती होती असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाचलेले २९८ लोक कावानाकाजिमा या नदीकाठच्या सखल जागी नेऊन वसवण्यात आले, जिथे मलेरिया होता आणि शिकारीऐवजी भातशेती करायची होती. तिथल्या काही पुरुषांना पुढे पुन्हा अटक झाली आणि ते परतले नाहीत.

धोरण यानंतर बदलले, पण ते सैल झाले नाही. गावे उंचावरून खाली आणली गेली, भातशेती आणि जपानी भाषा यांवर भर दिला गेला, आणि १९३५ मध्ये ‘रानटी’ या अर्थाचा सरकारी शब्द बदलून ‘ताकासागो लोक’ असे नाव देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात याच समाजांतले काही हजार तरुण ताकासागो स्वयंसेवक पथकांतून फिलिपिन्स आणि न्यू गिनीच्या जंगलांत जपानसाठी लढले. त्यांतला सुनियुओ हा अमिस सैनिक इंडोनेशियातल्या मोरोताइ बेटावर डिसेंबर १९७४ मध्ये सापडला, युद्ध संपून एकोणतीस वर्षे झाल्यावर. कावानाकाजिमातूनही तरुण गेले होते. हे पाहून पूर्वीचा प्रतिकार खोटा ठरवण्याची घाई करू नये. शिकारीची, शौर्याची आणि माणूस म्हणून मान मिळवण्याची दुसरी कोणतीच वाट त्या पिढीसमोर उरली नव्हती.

१९४५ नंतर तैवानवर आलेल्या चिनी राष्ट्रवादी सरकारने मोना रुदाओला जपानविरोधी वीर म्हणून गौरवले. त्याचे अवशेष १९३३ मध्ये सापडल्यावर जपान्यांनी ते ताइहोकु (आजच्या तैपेइ) इथल्या विद्यापीठात ठेवले होते. ते १९७३ मध्ये वूशेला आणून पुरण्यात आले, आणि २००१ च्या वीस डॉलरच्या नाण्यावर त्याची प्रतिमा आली. सरकारी गौरवात त्याला चिनी राष्ट्राचा सैनिक बनवले गेले, वास्तविक त्याला चीनशी काही कर्तव्य नव्हते. तो माहेबोच्या जमिनीसाठी आणि गायासाठी लढला. तोदा आणि ट्रुकु यांच्या वंशजांना तर या गौरवगाथेत आपल्या पूर्वजांची जागा गद्दारांची झालेली दिसते, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. अतायालांचाच एक भाग समजल्या गेलेल्या ट्रुकुंना २००४ मध्ये आणि सीडिकांना २००८ मध्ये स्वतंत्र समाज म्हणून अधिकृत मान्यता मिळाली.

जमिनीचे मात्र तसे झाले नाही. १८९५ च्या आदेशाने सरकारजमा झालेली जंगले जपान गेल्यावर नव्या सरकारने जशीच्या तशी वारशाने घेतली. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष त्साइ इंग-वेन यांनी आदिवासींची जाहीर माफी मागितली. परंतु पुढच्याच वर्षी पारंपरिक भूभाग ठरवण्याचे जे नियम आले, त्यांत केवळ सरकारी मालकीची जमीन धरली गेली आणि खासगी झालेली जमीन वगळण्यात आली. त्याविरोधात आदिवासी कार्यकर्त्यांनी राजधानी तैपेइमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरच्या रस्त्यावर मुक्काम ठोकला, आणि पोलिसांनी तिथून हटवल्यावरही त्यांनी आपले आंदोलन जवळच दीर्घकाळ चालू ठेवले.